रूपरावची दोन सुपं

“वाटे पाडनाऱ्यानं मांगून उचलाव.”

रूपराव हे सावकाश म्हणायचा. बोलणं समोरच्याच्या अंगात मुरू द्यायचं, ही त्याची रीत. आमच्या गावात आणि देवळीकडच्या आसपासच्या गावांत भाऊ-भाऊ वेगळे निघाले, की तलाठ्याच्या आधी रूपरावला बोलावणं जायचं. तो यायचा तो पायीच. पांढरी बंडी, खांद्यावर दुपट्टा आणि काखेत दोन सुपं. त्याच्या आज्यापासूनची सुपं ती. बांबूची, शेणानं सारवलेली, काठाला लाल चिंधी बांधलेली. धान्य त्यांत कधी पाखडलं गेलं नाही. त्यांत फक्त घरं पाखडली गेली.

त्याचं काम पाहण्यासारखं असायचं. मोठ्या भावाच्या वतीनं तो सुपं भरायचा. प्रत्येक वावरातली मूठभर माती आणायची. विहिरीचा म्हणून तिच्यातला ओला गोटा, बैलाची म्हणून गळ्यातली घंटी, घराचा म्हणून छपरावरच्या कवेलूचा तुकडा, मोटरसायकलची म्हणून चाबी. अर्धं या सुपात, अर्धं त्या सुपात. मग धाकट्या भावानं पुढं यायचं आणि मनाला येईल ते सूप उचलायचं. उरलेलं मोठ्याचं. ज्यानं वाटे पाडले त्याच्या नशिबी उरलेलं येतं, म्हणून पाडताना त्याचा हात सरळ राहतो, असा त्या म्हणीचा अर्थ. लोकांना तो पटायचा. कोर्टात वर्षं जातात, रूपरावच्या सुपात एक दुपार जायची. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे, आणि तो नाही म्हणायचा नाही.

म्हातारे आईबापही त्या सुपांत असत. बापाची काठी, आईचा चष्मा. ज्याच्या सुपात काठी, त्याच्या ओसरीत बाप.

दौलतराव आणि नत्थूजी या दोन भावांची वाटणी मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. काळं वावर एका सुपात होतं. दुसऱ्यात मुरमाड जमीन, एक म्हातारी म्हैस आणि बापाची काठी. नत्थूजी धाकटा. बापाचा जीव त्याच्यावर, त्याचा बापावर. तो पुढं आला, वाकला, काळ्या मातीकडं पाहिलं आणि काठी असलेलं सूप उचलून छातीशी धरलं. बाया रडल्या. दौलतरावला काळं वावर आपोआप मिळालं. कोणी काही म्हणू शकलं नाही, कारण नत्थूजीनं स्वतःच्या हातानं उचललं होतं.

त्या संध्याकाळी मी रूपरावच्या ओसरीत बसलो होतो. त्याची बायको गोपिका चहा घेऊन आली. रूपराव खुशीत होता.

“सांगू का तुले,” तो मला म्हणाला, “लोक समजतात का मी माती तोलतो. माती कोनीबी तोलते. मी अगुदर उचलनाऱ्याचा हात पाह्यतो. तो कशासाठी पुढं होईन ते पाह्यतो. मंग सुप भरतो.”

“म्हंजे नत्थूजीभाऊ फसले म्हना,” गोपिका म्हणाली.

“फसला काऊन? त्याले बाप पायजे होता, त्याले बाप भेटला. तू चहा ठेव अन् जा.”

तिनं चहा ठेवला आणि गेली. पण दाराआड तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत. ती तिथंच उभी होती.

गोपिका बोलायची कमी. पहाटे वाडीत जायची आणि दिवस डोक्यावर आला की भाजीचं टोपलं घेऊन देवळीच्या बसला उभी राहायची. नाल्याकाठची ती वाडी म्हणजे आमच्या शिवारातला हिरवा डोळा. वांगी, भेंडी, पालक, कोथिंबीर, कडेनं अंबाडी. आमची माती काळी आहे, पण काळ्या मातीलाही माणूस ओळखावा लागतो, आणि त्या मातीनं गोपिकेला ओळखलं होतं. वाडीला लागून वर चढत गेलेलं बरड. तेही रूपरावचंच. तिथं फक्त दगड आणि तरोटा. दोहोंच्या मध्ये बांधासारखा एक धुरा, धुऱ्यावर एक वाकडी बाभूळ. नाल्यापार माझं वावर, म्हणून मला हे सगळं रोज दिसायचं.

वाडीत विहीर होती. ती लीलाबाईंच्या पाटल्या मोडून खोदलेली. लीलाबाई ही रूपरावची आई. गोपिका लग्न होऊन आली तेव्हा ही वाडी नुसता पडीत तुकडा होता. सासूनं हातातल्या पाटल्या काढल्या आणि म्हणाली, “हातात सोनं घालून कोरडी जमीन पाहत बसू का मी?” पाणी लागलं. जमीन नंतर नवरा-बायको दोघांच्या नावावर चढली, तीही लीलाबाईंनी हट्ट धरला म्हणून. गोपिकेला लेकरू झालं नाही. गावानं तिला बोलायचं ते बोललं. लीलाबाईंच्या तोंडून मात्र त्या बाबतीत एक शब्द कधी निघाला नाही, आणि घरात राहणाऱ्या बाईला याची किंमत कळते.

मग लीलाबाईंना लकवा मारला. कमरेखालचं अंग गेलं, डोकं आणि जीभ शाबूत राहिली. तिचं हागणं-मुतणं, आंघोळ, जेवण, सगळं गोपिकेनं केलं. म्हातारीचे केस लांब, पांढरे, दाट. त्या केसांचा तिला फार अभिमान. गोपिका रोज सकाळी खोबरेल लावून ते विंचरायची, आणि मगच वाडीत जायची. रूपराव त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरून बोलायचा. आत वास येतो म्हणायचा.

तर असा हा रूपराव. पन्नाशी ओलांडल्यावर त्याचा जीव देवळीतल्या मोहिनी नावाच्या बाईवर बसला. मोहिनीचं शिवणकामाचं दुकान होतं, नवरा वारलेला. तिनं साफ सांगितलं होतं की मी कोणाची ठेवलेली म्हणून राहणार नाही, लग्न कराल तर या. त्यात नाल्याजवळून रुंद रस्ता निघाला आणि वाडीच्या जमिनीला प्लॉटवाले विचारू लागले. रूपरावच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र शिजल्या. गोपिकेकडून सोडचिठ्ठी घ्यायची, वाडी विकायची आणि देवळीत नवं घर बांधायचं.

गोपिकेनं ऐकून घेतलं. रडली नाही. वर्ध्याचे अश्विन वकील घरी आले होते, त्यांच्यासमोरच तिनं एक गोष्ट मागितली.

“सोडचिठ्ठी देईन मी. पन वाटनी तुमच्याच रितीनं करा. दोन सुपं भरा. मी अगुदर उचलीन.”

रूपराव तिच्याकडं पाहतच राहिला. मग हसला.

“माहीच विद्या मले शिकवून राह्यली का वं?”

“तुमीच म्हनता ना, वाटे पाडनाऱ्यानं मांगून उचलाव.”

वकिलांना ही रीत नवी होती, पण त्यांना बरंच वाटलं. दोघांच्या संमतीचा अर्ज टाकायचा, सोबत समझोत्याचा कागद जोडायचा, म्हणजे भांडण नाही. कोर्ट सहा महिने थांबायला सांगतं, मग पुन्हा दोघांना विचारतं आणि मोकळं करतं. कोणाच्या वाट्याला काय हे आधी ठरलेलं असलं म्हणजे झालं. दिवाळीनंतरचा एक दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी मी सुपं ठेवायला चटई मागायला त्यांच्या घरी गेलो. खोलीचं दार उघडं होतं. गोपिका लीलाबाईंचे केस विंचरत होती. मला पाहूनही म्हातारी थांबली नाही.

“तो मले सुपात टाकीन,” लीलाबाई म्हणाल्या. “माह्या पोटचा हाये, मले मालूम हाये. बरडाच्या सुपात टाकीन मले.”

गोपिका विंचरत राहिली.

“तू मले उचलू नोको.”

“आत्याबाई, मान सरळ ठेवा.”

“मान सरळच हाये माही. आयक. तू मले उचललं तर वाडी जाईन. वाडी जाईन तर प्लॉट पडतीन. त्या हिरीत माह्या पाटल्या हायेत. त्याच्यावर कोनाचा संडास बांधू देशीन का तू?”

“अन् तुमाले कोन पाहीन?”

“ज्याले म्या पाह्यलं थो पाहीन. नाई पाह्यलं तर त्याचं तोंड दिसन गावाले.” म्हातारीनं हात मागं नेऊन गोपिकेचं मनगट धरलं. “तू मले उचलशीन तर मी तुह्या हातचं पानीबी पेनार नाई. माह्या मेलेल्या मालकाची आन हाये.”

गोपिकेनं वेणी घातली. शेवटाला काळा दोरा बांधला. मी चटई घेऊन निघालो. तिच्या मनात काय आहे हे मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी तिच्या जागी असतो तर मला माझंही कळलं नसतं.

दुपारी रूपरावच्या अंगणात लोक जमले. लीलाबाईंची बाज बाहेर आणून कडुलिंबाखाली ठेवली होती. ते रूपरावनंच सांगितलं होतं. म्हातारी समोर दिसली पाहिजे, हा त्याचा हिशेब. तो न्हाऊन-धुऊन, कपाळाला बुक्का लावून बसला. सुपं समोर ठेवली. किती घरांची सुपं ती, पण त्यांत आपलं घर टाकताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

पहिल्या सुपात वाडीची माती. विहिरीतला ओला गोटा. पाण्याच्या मोटरच्या पेटीची चाबी. पाण्याच्या नळीचा एक तुकडा.

दुसऱ्या सुपात बरडाचा मुरूम. घराच्या कवेलूचा तुकडा.

“घर अन् बरड एकीकडं, वाडी एकीकडं,” रूपराव लोकांना म्हणाला. “घर चांगलं हाये, दोन खोल्या, अंगन, नळ. कोनी म्हनाव का रूपराव लबाडी करते?”

मग तो उठला. आईच्या बाजेजवळ गेला. म्हातारीच्या उशाखाली चुन्याची डबी असायची, पितळेची, झाकणावर मोर कोरलेला. तंबाखूबरोबर तिला चुना लागायचा, ती डबी तिला दिवसभर हाताशी लागायची. त्यानं ती उशाखालून काढली. सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. आणि बरडाच्या सुपात कवेलूच्या तुकड्यावर ठेवली. टक् असा आवाज झाला.

अश्विन वकील पुढं झाले. “रूपरावजी, आई ही मालमत्ता नाही. मी हे कागदात कसं लिहू?”

“कागदात नोका लिहू साहेब. घर ज्याचं, घरातलं मानूस त्याचं, एवढं लिहा. बुढीले तिच्या घरातून हालवाव का या वयात? तुमीच सांगा.”

आता बोला. यात वावगं काय होतं? म्हातारी तिच्या घरात राहणार, हे ऐकायला चांगलंच वाटतं. बाया माना हलवू लागल्या. आणि सगळ्यांच्या नजरा गोपिकेकडं गेल्या. तिनं म्हातारीचं किती केलं हे गावाला माहीत होतं. नत्थूजीही आला होता. तो मान खाली घालून बसला.

“उचल वं,” रूपराव मायेनं म्हणाला. इतक्या मायेनं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

गोपिका आली. पदर खोचला. बरडाच्या सुपासमोर वाकली. रूपरावचा श्वास सुटला, तो मी ऐकला. तिनं हात पुढं केला आणि डबीला बोट लावलं. झाकणावरचा मोर बोटानं पुसला. डबी जरा कलंडली होती, ती सरळ करून ठेवली.

मग तिनं हात काढून घेतला, वाडीचं सूप उचललं आणि उभी राहिली.

अंगणातून एक बाई बोलली, “अवो माय! बुढीले टाकलं हिनं!” आणि मग सगळ्या बोलू लागल्या. दगडाच्या काळजाची. वाडीसाठी सासू सोडली. पोटी लेकरू नाही ते उगाच नाही. हे शेवटचं वाक्य कोणी बोललं ते मला माहीत आहे, पण ती बाई अजून जिवंत आहे, म्हणून नाव घेत नाही. गोपिका सूप छातीशी धरून उभी होती. ओला गोटा सरकून तिच्या गळ्याला टेकला होता. तिनं लीलाबाईंकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला उभं राहता आलं नसतं.

रूपराव एक पाऊल पुढं आला.

“तुले उचलताच नाई आलं,” तो म्हणाला. “पुन्हा उचल.”

“एकदाच उचलाव लागते,” गोपिका म्हणाली. “तुमीच शिकवलं.”

आणि त्या सगळ्या गलक्यात कडुलिंबाखालून लीलाबाईंचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

“माही डबी दे रे कोनी. सुपात ठेवून काय पूजा करता का तिची? तंबाखू खायचा हाये मले.”

डबी कोणी दिली नाही, म्हणून मी दिली. तिचे डोळे कोरडे होते.

कागद झाला. सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून माझीही झाली. अर्ज वर्ध्याच्या कोर्टात पडला. गोपिका वाडीतल्या गुरांच्या कोठ्यात राहायला गेली. वर टिनाचे पत्रे, खाली शेणाची जमीन. गावात ती फक्त दळणाला यायची. बाया तिच्याशी बोलत नव्हत्या. देवळीच्या बाजारातही गोष्ट पोचली. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन एखादी म्हणायची, “सासूले टाकून पिकवलेली का?” आणि भाव पाडून न्यायची. गोपिका द्यायची.

रूपरावपुढं आता आई होती. तो कच्चा नव्हता. निकाल लागेपर्यंत गप्प राहायचं, हे त्याला कळत होतं. कागद मोडला तर मोहिनी जाईल. पण आईचं करायचं कोणी? एक बाई लावली, ती आठवड्यात पळाली. मग तो सकाळी भाकर आणि तांब्या बाजेजवळ ठेवायचा आणि दार ओढून देवळीला जायचा. संध्याकाळी यायचा. मधल्या वेळात म्हातारी त्याच कपड्यांत. खोलीतला वास आता अंगणापर्यंत यायला लागला. पाठीला जखमा झाल्या.

गोपिकेनं एकदा माझ्या बायकोच्या हातून वरण-भात पाठवला. रूपराव दारातच होता. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा अंगणातल्या कुत्र्यापुढं ओतला.

“वाट्यातलं वाट्यात राहू द्या,” तो माझ्या बायकोला म्हणाला. “तिनं सोडलं तिनं सोडलं. आता दया कायची?”

“तिले नाई तर बुढीले तरी पाहा रूपरावभाऊ.”

“पाहूनच राह्यलो ना. तिले विचार, उचलाचं होतं तर तवा काऊन नाई उचललं?”

मग माघात एक दिवस त्यानं म्हातारीचे केस कापले. उवा झाल्या म्हणाला. पोतं कापायची कात्री होती घरात, त्याच कात्रीनं कापले, इकडे तिकडे, टाळूला लागेपर्यंत. वेणी तशीच, काळ्या दोऱ्यासकट, उकिरड्यावर पडली. लीलाबाईंनी ओरडून गाव गोळा केलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तिनं डोळे मिटून घेतले आणि कात्री थांबेपर्यंत उघडले नाहीत. हे रूपरावनंच सांगितलं पारावर, हसत. “गाय असते तशी गुमान राह्यली.” पारावरचे दोघेतिघेही हसले. मी उठून गेलो.

ती वेणी सकाळी उकिरड्यावरून गायब होती. कोणी नेली हे मला माहीत आहे, कारण वाडीच्या वाटेवर पहाटेची पावलं एकाच बाईची असतात.

वैशाखात कोर्टाची दुसरी तारीख आली. आम्ही एकाच बसनं वर्ध्याला गेलो, ते दोघं वेगवेगळ्या बाकांवर. जजबाईंनी विचारलं, “कोणाच्या दबावाखाली तर नाही ना? वाटणी दोघांना मान्य आहे?”

“मान्य,” रूपराव म्हणाला.

“मान्य,” गोपिका म्हणाली. मग थांबली. “बाईसाहेब, एक विचारू का? घरातलं मानूस ज्याच्या वाट्याले गेलं, त्यानं नाई पाह्यलं तर?”

जजबाईंनी कागद चाळले. “इथं कोणाबद्दल विचारता? मुलं तर नाहीत तुम्हाला.”

“नाई,” गोपिका म्हणाली. “लेकरं नाईत.”

अश्विन वकिलांनी तिला बाजूला घेतलं. म्हातारीला मुलाविरुद्ध वेगळी तक्रार करता येते, पण ती तिनं करायची, तिच्या अंगठ्यानं. या कागदात ते येत नाही. गोपिकेनं मान हलवली. लीलाबाई मुलाविरुद्ध अंगठा उठवणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. रूपराव मोकळा झाला, गोपिका मोकळी झाली. दुपारी ऊन असं होतं की कोर्टाच्या पायऱ्यांवर चप्पल चिकटत होती.

रूपरावनं घराचं गिऱ्हाईक आधीच ठरवून ठेवलं होतं. निकालानंतर दोनच दिवसांत ते विकून टाकलं. बरड कोणी घेत नव्हतं, ते तसंच राहिलं. देवळीला मोहिनीनं सांगितलं होतं, “तुमी एकटेच या. बुढीले घेऊन येनार असान तर येऊच नोका.” हेही त्यानं पारावर सांगितलं, जणू त्यात त्याची काही चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नाल्याकाठी म्हशी पाजत होतो. बरडाच्या वाटेनं बैलगाडी आली. गाडी नत्थूजीची, ती कशाला मागितली हे त्याला सांगितलंच नव्हतं. गाडीत बाज आणि बाजेवर लीलाबाई. रूपरावनं बैल बाभळीपाशी थांबवले. बाज उतरवली. तो माणूस आयुष्यभर वाटे मोजत आला, बाज कुठं ठेवायची हे त्यानं नीट पाहून ठरवलं. दोन पाय बरडात, दोन पाय धुऱ्यावर. वाडीत एकही नाही. कोणी म्हणू नये की रूपरावनं दुसऱ्याच्या वाट्यात पाय टाकला.

गोपिका वांग्याच्या सरीत होती. ती सरळ झाली. तिला आधी ओळखूच आलं नसावं. ते उघडं डोकं, खुरटलेलं, जागोजागी टाळू दिसणारं. तिनं हातातला विळा खाली टाकला आणि चालत येऊ लागली, मग पळत.

रूपरावनं गाडीतून सुपं काढली. ती त्यानं बाजेखाली ठेवली. देवळीला त्याला त्यांचं काम नव्हतं.

“हे घे,” तो गोपिकेला म्हणाला. “बुढीही घे अन् सुपंही घे. तुले सगळंच पायजे होतं ना?”

गोपिका धुऱ्याशी येऊन थांबली. तिला दम लागला होता. तिनं बाजेच्या पायाला हात घातला.

“थांब,” लीलाबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. “उचलू नोको अजून.”

“आत्याबाई, ऊन हाये.”

“उनानं मी नाई मरत. त्याले जाऊ दे. मांगं वळून पाह्यते का ते मले पाहू दे.”

रूपराव बैलांना हाकणार होता, पण गाडी नत्थूजीची होती आणि ती गावात परत न्यायची होती. ते गाव त्याला आता नको होतं. त्यानं कासरा बाभळीला गुंडाळला. दुपट्टा झटकून खांद्यावर घेतला, आणि बरड उतरून रस्त्याकडं चालू लागला.

बंडी पांढरी होती, लांबवर दिसत होती. तरोट्यातून वाट काढत तो गेला, एका दगडाला ठेचकाळला, सावरला. लीलाबाईंनी कोपरावर जोर देऊन मान उचलून धरली होती. त्या मानेला आता केसांचा भार नव्हता. मुठीत पितळेची डबी. रस्त्याच्या कडेला तो उभा राहिला. देवळीची बस लांबून येताना दिसली. बसची वाट पाहताना माणूस सहज इकडेतिकडे पाहतो, आपण आलो त्या दिशेनं तर पाहतोच. त्यानं बसकडं पाहिलं. हात वर केला. बस थांबली, धूळ उडाली, धूळ बसली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं.

म्हातारीनं मान खाली टेकवली.

“नाई पाह्यलं ना वं त्यानं?” तिनं विचारलं. तिच्या डोळ्यांना तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

गोपिकेनं माझ्याकडं पाहिलं. मी नाल्याच्या या काठावर उभा होतो, म्हशीची दोरी हातात धरून.

“नाई,” गोपिका म्हणाली. तिचा हात अजून बाजेच्या पायावरच होता.